फास्टर फेणेनंतर काय?

प्रति,
मूर्तिजापूर शहर आणि तालुक्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक,
तसेच सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल व कार्यकारिणी सदस्य यांस,



आपल्या तालुक्यातल्या तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी हे पत्र लिहितो आहे. भेटून बोललो असतो, पण हा प्रश्न एका शाळेचा नाही आणि एका वाचनालयाचाही नाही, म्हणून जाहीर लिहितो. मागणी साधी आहे. या मुलांना रहस्यकथा वाचायला द्या. चांगल्या, निवडून, पैसे खर्चून आणलेल्या. आणि त्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवा.

आपल्याकडच्या वाचनालयांत संध्याकाळी गेलं की दोन गोष्टी दिसतात. एका बाजूला बालविभाग: इसापनीती, अकबर-बिरबल, तेनालीराम, थोरांची छोटी चरित्रं. दुसऱ्या बाजूला अभ्यासिका: स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं आणि त्यावर माना घालून बसलेली तरुण पोरं. दोन्ही हवंच. अभ्यासिकेतून तलाठी झालेली, पोलिसात लागलेली मुलं आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण आठवीतला मुलगा आत येतो तेव्हा त्याच्यासाठी काय असतं? बिरबलाची खिचडी त्याने कधीच संपवलेली असते. मोठ्यांच्या कपाटातली ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ त्याला अजून झेपत नाहीत. तो दोनचार वेळा येतो, पुस्तकं वरखाली करतो आणि मग यायचा थांबतो. आपण म्हणतो, मुलं वाचत नाहीत. मी म्हणतो, त्याला वाचायला काही ठेवलेलंच नव्हतं. मधली पायरीच आपण बांधली नाही.

ही पायरी रहस्यकथा बांधू शकते असं मला ठामपणे वाटतं. माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली आणि आजही शेजारपाजारची मुलं माझ्याकडे पुस्तकं न्यायला येतात. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

रहस्य मुलांना आवडतं हे सिद्ध करायची गरज नाही. ‘सीआयडी’ ही मालिका १९९८ साली सुरू झाली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न आजच्या मुलांच्या आईवडिलांनी पाहिला आणि तेच जुने भाग आता मुलं मोबाइलवर पाहतात. पण पडद्यावर पुरावा सापडला की कॅमेरा त्याच्या अगदी जवळ जातो, संगीत वाढतं, पाहणाऱ्याला स्वतः काही शोधावं लागत नाही. पुस्तकात पुरावा एखाद्या साध्या वाक्यात दडलेला असतो. वाचताना तो निसटतो. मग शेवटच्या प्रकरणात उलगडा झाला की मुलगा चाळीस पानं मागे जातो आणि ते वाक्य शोधून काढतो. कोणी न सांगता, मार्क नसताना, एखादं मूल मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचतं, याहून मोठं वाचनाचं शिक्षण मी तरी वर्गात पाहिलं नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात अपठित उतारा असतो, कथालेखन असतं. या दोन्हींची तयारी अशा वाचनातून आपोआप होते. ‘अभ्यास बुडेल’ म्हणणाऱ्या पालकांना आपण एवढं नक्की सांगू शकता.

शेरलॉक होम्सची १८९२ सालची एक कथा आहे, शर्यतीचा घोडा नाहीसा होतो ती. त्या रात्री तबेल्यात कुत्रा होता, पण तो भुंकला नाही. एवढ्यावरून होम्स ताडतो की आत आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. ही गोष्ट मी वर्गात अर्धीच सांगायचो आणि कुत्र्यापाशी थांबायचो. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, “आमच्या वावरातला कुत्रा बी वयखीच्या मानसाले भुकत नाई, सर.” लंडनच्या लेखकाने रचलेलं कोडं आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने जागच्या जागी सोडवलं. एरवी हा मुलगा धडा मोठ्याने वाचायला उठायचा नाही.

दुसरं पुस्तक जर्मनीतलं आहे. एरिक केस्टनर यांची १९२९ साली आलेली एमिल नावाच्या मुलाची कादंबरी. आईने आजीसाठी दिलेले पैसे घेऊन एमिल एकटाच रेल्वेने बर्लिनला निघतो. पैसे कोटाच्या आतल्या बाजूला टाचणीने टोचून ठेवतो. डब्यात झोप लागते, जाग येते तेव्हा पैसे आणि समोरचा टोपीवाला माणूस, दोन्ही गायब. मग बर्लिनची पोरं एकत्र येतात, कोणी पाळत ठेवतं, कोणी निरोप पोचवतं, आणि शेवटी नोटांवर टाचणीची भोकं दाखवून एमिल ते पैसे आपलेच असल्याचं सिद्ध करतो. सगळा पुरावा टाचणीच्या टोकाएवढा. आपण जंक्शनच्या गावात राहतो. परगावी जाताना आई आजही पैसे आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावते. ही कादंबरी आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

आता कोणती पुस्तकं घ्यावीत, ते सांगतो. यात माझी आवडनिवड आहे, ती लपवत नाही.

सुरुवात भा. रा. भागवतांपासूनच करावी. १९१० ते २००१ असं दीर्घ आयुष्य लाभलेल्या या माणसाने मराठी मुलांना फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. हाडकुळा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, नको तिथे नाक खुपसणारा आणि म्हणूनच चोर-हेरांच्या मागावर सापडणारा. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’ अशी वीस पुस्तकं आहेत आणि ती उत्कर्ष प्रकाशनाने छापलेली आहेत. २०१७ साली चित्रपट आला तेव्हा मुलांनी नाव ऐकलं, पण पुस्तक हातात घेतलेली मुलं फार थोडी. सहावी-सातवीपासून ही पुस्तकं उत्तम. भागवतांचं वाक्य धावतं, आणि मुलाला ते कधी कमी लेखत नाही. मात्र एकदोन पुस्तकं आणून भागत नाही. मालिकेची ताकद अशी की एक संपलं की मुलगा दुसरं मागायला येतो. त्या वेळी दुसरं कपाटात असलं पाहिजे.

आणि या पत्राचं शीर्षक इथेच आहे. फास्टर फेणे संपल्यावर काय द्यायचं?

माझं उत्तर फेलूदा. सत्यजित राय यांनी ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात १९६५ साली फेलूदाची पहिली कथा लिहिली आणि पुढे आयुष्यभर लिहीत राहिले. वाचक किशोरवयीन आहे हे त्यांनी कायम लक्षात ठेवलं. म्हणून त्यात बटबटीत काही नाही, आणि तरीही कोडं खरंखुरं अवघड आहे. गोष्ट सांगतो तो तोपशे, फेलूदाचा चुलतभाऊ, स्वतः आपल्या आठवी-नववीच्या मुलांच्या वयाचा. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढले आहेत. त्यातलं ‘बादशाही अंगठी’ मी सगळ्यांत आधी देतो. लखनौ शहर, औरंगजेबाची म्हणून सांगितली जाणारी अंगठी, इमामबाड्यातला भुलभुलैया, आणि घरातच प्राणिसंग्रह बाळगणारे एक गृहस्थ.

नववीतली एक मुलगी हे पुस्तक घेऊन गेली. परत आणून दिलं तेव्हा आत रफ वहीचा फाडलेला चिठोरा राहिला होता. त्यावर पेन्सिलीने तीन नावं: श्रीवास्तव, महावीर, वनबिहारीबाबू. प्रत्येकासमोर पान नंबर. एका नावावर काट मारलेली, मग काटेवर पुन्हा तेच नाव लिहिलेलं, आणि खाली दोनदा अधोरेखित एकच शब्द, ‘खोटं’. पुस्तक अर्ध्यावर असताना ती मला रस्त्यात भेटली होती. मी काही बोलायच्या आत हात उचलून म्हणाली, “चोर कोन हाय ते सांगू नोका सर, मीच काढतो.” त्या चिठोऱ्यावर जे होतं, त्याला पुढे कॉलेजात टिपणं काढणं म्हणतात. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं.

होम्स मराठीत बऱ्याच जणांनी आणला. भालबा केळकरांनी केलेल्या चातुर्यकथा मला अजूनही सर्वांत वाचनीय वाटतात. विज्ञान शिकवणारा आणि नाटक जगणारा माणूस तो, त्यामुळे तर्कही नीट उतरतो आणि संवादही. आठवी-नववीला एकेक कथा वर्गात मोठ्याने वाचावी. एका तासात एक कथा होते.

जयंत नारळीकरांना मी याच रांगेत बसवतो. ‘वामन परत न आला’ ही विज्ञानकादंबरी म्हणून ओळखली जाते, पण तिची घडण रहस्यकथेची आहे. जमिनीखाली एक पेटी सापडते, ती कोणी पुरली आणि का, या प्रश्नाच्या मागे वाचक धावत सुटतो. ‘प्रेषित’ही तशीच. विज्ञानाच्या शिक्षकांनी ही पुस्तकं मराठीच्या शिक्षकांच्या आधी मुलांच्या हातात द्यावीत. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. आपल्या शाळांत श्रद्धांजलीचे फलक लागले, ते योग्यच झालं. आता त्यांची पुस्तकंही मुलांच्या घरी जाऊ द्या.

बाबुराव अर्नाळकरांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्यांच्या नावानेच ‘रहस्यकथा म्हणजे हलकं वाचन’ हा शिक्का मराठीत बसला. जन्म १९०६चा, मृत्यू १९९६चा. एक हजाराहून जास्त रहस्यकथा एका माणसाने लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं घेतली की आजही आपल्या गावातले सत्तरीचे लोक हसतात, कारण त्यांनी ती पुस्तकं भाड्याने आणून, पाटीआड, दप्तराआड लपवून वाचली आहेत. त्यांतल्या कित्येकांना पुढे ह. ना. आपटे आणि खांडेकर वाचायची गोडी लागली ती तिथूनच. गिरणीतल्या कामगारापासून वकिलापर्यंत लोकांना पुस्तक हातात धरायला लावणाऱ्या लेखकाला हलका म्हणणं मला कधी पटलं नाही. त्यांच्या निवडक कथा अलीकडे पुन्हा छापल्या गेल्या आहेत. एक संच वाचनालयाने घ्यावाच. मुलांना देताना एवढं सांगावं की यातला काळ जुना आहे, बायकांना दिलेली कामं तर फारच जुनी.

ही उणीव साऱ्या मराठी रहस्यकथेत आहे. शोध घेणारा बहुतेक वेळा पुरुष किंवा मुलगा. फास्टर फेणेची बहीण माली हुशार आहे, पण नाव पुस्तकावर त्याचंच. म्हणून अगाथा ख्रिस्तीचे मराठी अनुवाद नववी-दहावीसाठी घ्यावेत, निदान मिस मार्पलची पुस्तकं तरी. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्वभावावरून खुन्याला ओळखते. आपल्या प्रत्येक गल्लीत अशी एक आजी असते, मुलींना ती लगेच पटते.

सगळीच रहस्यकथा शाळेत आणा, असं मात्र मी म्हणत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हे दोघेही मोठे लेखक, मतकरींचा ‘खेकडा’ तर मराठी गूढकथेचा मानदंड. पण त्यांच्या कथांतली भीती मनात खोल उतरते. ती दहावीनंतर पेलते. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप ही कॉलेजच्या वयाची पुस्तकं, वाचनालयात हवीत, शाळेच्या कपाटात नकोत. अशी निवड करायलाच ग्रंथपाल असतो. निवड करायची म्हणजे आधी वाचावं लागेल, हेही आलंच. शिक्षक-खोलीत फास्टर फेणे वाचत बसलेले मुख्याध्यापक मुलांनी पाहिले तर अर्धं काम तिथेच होईल.

पैशाचं काय, हा प्रश्न आपण विचारणार. शिक्षण हक्क कायदा २००९च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं लिहिलं आहे, आणि त्यात सर्व विषयांच्या पुस्तकांबरोबर गोष्टीच्या पुस्तकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आठवीपर्यंत गोष्टीची पुस्तकं हा मुलांचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सार्वजनिक वाचनालयांना १९६७च्या कायद्याखाली परिरक्षण अनुदान मिळतं. रक्कम थोडी आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच ती कशावर जाते ते पाहा. ठोक भावात मिळालेल्या, कोणीही न उघडलेल्या चरित्रमालांवर गेली तर ती वाया गेली. खाजगी अनुदानित शाळांसाठी माजी विद्यार्थी आहेत. बॅचच्या स्नेहसंमेलनाला शाल-श्रीफळाऐवजी एक मालिका भेट मागा, कोणी नाही म्हणणार नाही.

आणखी एक मनातली गोष्ट. या सगळ्या कथा दूरच्या गावांत, शहरांत घडतात. आपल्या गावात का घडू नयेत? शकुंतला रेल्वेइतकं रहस्यकथेसाठीच जन्मलेलं ठिकाण साऱ्या महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. इथून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला, दोन्हीकडे अडीच फुटी रूळ. कापसासाठी ब्रिटिश कंपनीने टाकलेले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४पर्यंत इथे धावत होतं, मग डिझेल आलं, आणि आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे. आज नववीत असलेल्या मुलांनी ती धावताना नीट पाहिलेलीही नाही. गाडी इतकी हळू की चोर मध्येच उतरून पायी पुढे निघून जाईल. रूळ गवतात गेलेले. एखादा बंद पडलेला जिनिंग कारखाना, पूर्णेच्या काठावर लाखपुरीचं देऊळ, यात्रेची गर्दी, कापूस बाजारातली पहाटेची गाड्यांची रांग. पंधरा वर्षांच्या लेखकाला आणखी काय हवं?

शाळेच्या हस्तलिखितासाठी आपण दरवर्षी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ मागवतो, त्याऐवजी यंदा मूर्तिजापुरात घडणारी रहस्यकथा मागवा. अट एकच घाला: चोर कोण हे वाचकाला ओळखता आलं पाहिजे असा पुरावा गोष्टीत आधी येऊन गेलेला असावा. आणि पात्रांना वऱ्हाडीत बोलू द्या, लाल शाई मारू नका. अचलपूरच्या फाट्याच्या दुसऱ्या टोकाला, परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ या कादंबरीत आपली वऱ्हाडी आणली. कादंबरी त्या भाषेत उभी राहते, तर रहस्यकथाही राहील.

१५ ऑक्टोबरला आपण सगळे वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. फोटोला हार, एक भाषण, अर्धा तास सामूहिक वाचन. यंदा त्या दिवशी भाषण छोटं ठेवा आणि एवढं करा: कपाटाचं कुलूप काढा, फास्टर फेणे, फेलूदा, होम्स, नारळीकर टेबलावर मांडा, आणि आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला रजिस्टरात सही करून एक पुस्तक घरी नेऊ द्या. शनिवारी बदलून द्या. पुस्तक फाटलं तर चिकटवा. हरवलं तर मुलाकडून दंड घेऊ नका, दुसरी प्रत मागवा.

आपला,
मूर्तिजापूरचा एक निवृत्त मराठी शिक्षक